फाटक्या कोपऱ्याची कार्डं

माझ्या हृदयात एका माणसाचं बोट जाऊन आलेलं आहे. लग्नाच्या पंगतीत मी हे वाक्य टाकलं की समोरचा माणूस घास हातातच धरून बसतो, आणि ते दृश्य मला अजूनही फार आवडतं. आज मात्र ते वाक्य पंगतीसाठी लिहिलेलं नाही. ज्यांना डॉक्टरांनी छाती उघडावी लागेल असं सांगितलं आहे आणि त्या दिवसापासून ज्यांना अन्न गोड लागत नाही, त्यांच्यासाठी लिहिलं आहे. मी तिथे जाऊन आलो. तुम्हीही याल. फक्त काही गोष्टी आधी कोणीतरी सांगायला हव्यात, त्या सांगतो.

मामा रुसले तो दिवस

मी धरणगावचा. धंदा मांडवाचा आणि लाऊडस्पीकरचा. उद्या नळाला पाणी नाही, अमक्याची म्हैस सुटली आहे, पंगत बसली आहे, असं सगळं गाव माझ्या तोंडून ऐकायचं. माझी खरी ख्याती लग्नातली. वधूवरांकडची मानाची सगळी माणसं मी एका श्वासात मांडवात बोलावत असे. लोक घड्याळ लावून बघत.

रविवारी सकाळी टीव्हीपुढे सगळा गाव बसायचा आणि गल्ल्या ओस पडायच्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी एकेचाळीस वर्षांचा होतो. एका लग्नात आजोबा झाले, काका झाले, आत्याबाईंचे यजमान झाले आणि मामांच्या नावाशी श्वास संपला. नुसता संपला नाही, परत येईना. मी माईक धरून उभा, मांडव शांत, आणि नवरीचे मामा पाहताहेत की आपलं नाव का घेतलं नाही. मामा रुसले. त्यांची समजूत काढायला तासभर गेला. माझी समजूत कोणी काढली नाही, कारण मी हसत होतो. माझा तो स्वभावच आहे.

पुढे जिना चढवेना. उताणं झोपवेना. एके सकाळी खोकल्यातून थोडं रक्त आलं, तेव्हा माझी बायको शोभा मला जळगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का?"

सुजले होते. दहा वर्षांचा असताना. आईने तेल चोळलं होतं आणि सूज उतरली होती.

"सूज सांध्यांतून उतरली," डॉक्टर म्हणाले, "हृदयातून नाही. आतली एक झडप तेव्हा दुखावली. आता ती आकसून शर्टाच्या काजाएवढी झाली आहे. ती उघडावी लागेल. धुळ्याला जा."

परतीच्या एसटीत शोभाने एक्स-रेचं पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू हिंदकळलं तर माझं हृदयच सांडेल. मी कंडक्टरला म्हणालो, "माझं हृदय अर्धंच चालतं, तर अर्धं तिकीट चालेल का?" कंडक्टर हसला. शोभा हसली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या विनोदाला हसली नाही. त्या वेळी मला भीती वाटली. डॉक्टरांच्या खोलीत वाटली नव्हती.

खान्देशातली हृदयं एका वहीत

धुळ्याच्या इस्पितळाचं नाव लिहीत नाही. छातीच्या शस्त्रक्रियांचा एक लांबट वॉर्ड होता आणि तिथले मोठे डॉक्टर इतक्या हळू आवाजात बोलत की मला सारखं त्यांच्यापुढे माईक धरावासा वाटे. राऊंडला आले की त्यांच्यामागे मीराताई असत. त्या रेकॉर्ड सांभाळायच्या. त्यांच्या काखेत लाल कापडी पाठीचं एक जाडजूड रजिस्टर असे.

मी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, या पुस्तकात माझं मरण लिहिलं आहे का?"

"अजून कोरं आहे," ते म्हणाले आणि कॉटवर बसून त्यांनी मला ते उघडून दाखवलं.

मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, जत्रा पाहिल्या आहेत. तोंड बंद पडावं असं मात्र फार थोडं पाहिलं. हे त्यातलं एक. त्यांनी छाती उघडलेल्या प्रत्येक माणसाची त्यात एक ओळ होती. वय, गाव, किती चालल्यावर दम लागतो, दात कसे आहेत, झडप किती उघडली, नंतर काय झालं. जे टेबलावर गेले तेही लिहिलेले होते, आणि का गेले तेही. ही वही कोणी मागितली नव्हती. तपासायला कोणी येणार नव्हतं. एक माणूस स्वतःच्या चुका स्वतःच्या अक्षरात, चौकटी आखून लिहीत होता.

"पूर्वी मी पेशंटला आठवडाभर पडून ठेवायचो," ते म्हणाले. "मग वर्षाचा हिशेब लावला. जे दुसऱ्या दिवशी उठून बसले होते, त्यांच्या छातीत कफ कमी साठला होता. पुस्तकात हे होतंच. मला पटलं ते या ओळींमुळे. तुम्हालाही दुसऱ्या दिवशी बसवणार आहे. शिव्या द्याल."

शेवटचे तीन रकाने घरी गेल्यानंतरचे होते. महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. इस्पितळातून निघताना प्रत्येकाला तीन पोस्टकार्डं मिळत, त्यांवर पत्ता आधीच घातलेला. जिवंत आहे का, किती चालतो, दम लागतो का, एवढंच कळवायचं. पुष्कळ ओळींपुढे मजेशीर उत्तरं उतरवलेली होती. एकाने लिहिलं होतं की त्याने शर्यतीत बैल हाकला. काही ओळींपुढे 'उत्तर नाही' असं होतं.

"यांचं काय?"

"बरे असणार. घरी गेल्यावर बिघडल्याचं एकही कार्ड आजवर आलेलं नाही. कापसाच्या दिवसांत धडधाकट माणूस कशाला पत्र लिहीत बसेल?"

त्या उत्तरावर मी जेवलो, झोपलो आणि ऑपरेशनच्या कागदावर सहीही केली. टेबलावरून एकदा खाली उतरलो की आपण वाचलो, असा माझा पक्का समज झाला.

दगा आबा

इस्पितळाच्या फाटकाशी दगा आबा नावाचे शिपाई बसत. साठीचे असतील. सकाळी उन्हाला मी त्यांच्या बाकावर जाऊन बसे आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या नकला त्यांना करून दाखवी. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मी बसलो होतो, तेवढ्यात पोस्टमनने आबांच्या हातात टपाल दिलं. आबांनी गठ्ठा चाळला, एक कार्ड वेगळं काढलं, ओठ हलवत वाचलं, कपाळाला लावलं आणि फाडून टाकलं. मग उठून नळावर हात धुतले.

माझी नजर तुकड्यांवर होती. तो पत्ता मी ओळखला. मीराताईंच्या टेबलावर तसल्या कार्डांचा ढीगच असे.

"आबा, कोणाचं होतं?"

"कोनंच नही."

"मग फाडलं का?"

"कोपरा फाटेल व्हता," आबा म्हणाले. माझ्यासारख्या माणसाला हेही समजावून सांगावं लागतं, असा त्यांचा चेहरा होता.

आता शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे मरणाची खबर द्यायची तर कार्डावर वर 'श्री' लिहीत नाहीत आणि त्याचा एक कोपरा फाडतात. ज्याला ते मिळतं तो वाचून लगेच फाडतो, घरात नेत नाही. कोणाच्याही घरी हेच करतात. त्यात लपवाछपवी नसते. उलट आतल्या माणसांची काळजी असते.

"आत बठ्ठा आजारी मानसं," आबा म्हणाले. बठ्ठा म्हणजे सगळे. "असा कागद आत लई जास का कोनी?"

"आजवर किती फाडलेत?"

आबांनी बोटं मोजली नाहीत. "सहा. आजना धरीसन."

 सहा माणसं घरी जाऊन मेली होती आणि लाल पाठीच्या वहीत ती 'उत्तर नाही' म्हणून धडधाकट फिरत होती.

"नावं आठवतात?"

"फाडाना आगोदर वाचस ना. बठ्ठा ध्यानमा शेत."

वॉर्डात परतलो आणि शोभाला सगळं सांगितलं. ती माझे कपडे घड्या करत होती.

"डॉक्टरांना सांगणार ना?" ती म्हणाली.

"सांगितलं तर आबांची नोकरी जाईल. आणि उद्याचं ऑपरेशन होईल की नाही, देव जाणे. मोठ्या मुश्किलीने मन तयार केलंय मी."

"आणि नाही सांगितलं तर?"

मीही एक शर्ट घडी करायला घेतला.

"आयुष्यभर सगळ्या गावाला ओरडून सांगितलंत," ती म्हणाली. "आता एका माणसाला हळू सांगा."

सहा ओळी

मी सांगितल्यावर डॉक्टरांनी आबांना बोलावलं. आबा टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. मला वाटलं, आता हा हळू आवाज चढेल. डॉक्टरांनी खुर्ची ओढली.

"आबा, बसा. नावं सांगा."

आबा सांगत गेले. नाव, बापाचं नाव, गाव. दोंडाईचाकडचा एक, शिरपूरच्या वरचे सातपुड्याच्या पायथ्याचे दोघे, एक चाळीसगावची बाई, एक अमळनेरजवळचा. शेवटचं नाव त्या सकाळचं. लोटन, नरडाण्याजवळच्या खेड्यातला, सायकली दुरुस्त करणारा. मीराताई पान काढून देत आणि डॉक्टर 'उत्तर नाही' खोडून त्या ओळीत लिहीत. सहावी ओळ झाली तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कितीतरी वेळ ते वहीकडे पाहत बसले.

"यांना मी बरे झालेले धरत होतो," ते म्हणाले. मग आबांना म्हणाले, "चूक तुमची नाही. उत्तर नाही म्हणजे माणूस बरा, हे मी ठरवलं होतं. तुम्ही नव्हतं ठरवलं. यापुढे असं कार्ड आलं तर बाहेरच मला हाक मारा. मी बाहेर येऊन वाचेन."

आबा रडले. मीही तोंड फिरवलं.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं उद्या करणार नाही. ही माणसं कशाने गेली हे कळल्याशिवाय तुम्हाला घरी कसं पाठवू?"

खरं बोलल्याचं फळ म्हणून मला दहा दिवसांची जास्तीची भीती मिळाली. मीराताई पिशवी घेऊन एसटीने सहा गावांना निघाल्या आणि मी वॉर्डात मोसंबी सोलत बसलो. गावाहून माझे थोरले भाऊ आले. सगळं ऐकून म्हणाले, "सहा मेलेत आनि तू अजून आठेच, ह्या कॉटवर बठेल शे? चल घर."

शोभा मोठ्या दिरांपुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "भाऊ, ते सहा जण इथे नाही मेले. घरी गेल्यावर मेले. मग यांना घरी नेऊन काय करू?"

भाऊ मोसंबी सोलायला माझ्याशेजारी बसले.

मीराताई आल्या त्या उन्हाने काळवंडून. सहाही घरांत त्यांनी एकच गोष्ट ऐकली होती. माणूस घरी आला, खुशीत चालू-फिरू लागला. तीनचार आठवड्यांनी ताप आला. हृदय तर दुरुस्त झालं आहे, तेव्हा हा ताप वेगळा, हिवतापाचा, असं सगळ्यांनी धरलं. गावातच औषध झालं. ताप जाई आणि परत येई. धुळ्याला यावं असं कोणालाच वाटलं नाही, कारण छाती दुखत नव्हती.

डॉक्टरांनी वहीतल्या त्या सहा ओळी एकाखाली एक उतरवून काढल्या आणि दातांच्या रकान्यावर बोट ठेवलं. सहापैकी पाच जणांचे दात किडलेले होते. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. किडक्या दातातून जंतू रक्तात जातात आणि नुकत्याच उघडलेल्या झडपेवर घर करतात. हेही पुस्तकात होतं. पण त्या सहा माणसांनी ते त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

"तोंड उघडा," ते मला म्हणाले.

अशा रीतीने हृदयाच्या ऑपरेशनला गेलेल्या माझ्या आधी दोन दाढा गेल्या. मी सुजल्या गालाने डॉक्टरांना सांगितलं की तुमचा रस्ता चुकतो आहे, हृदय जरा खाली आहे. ते पहिल्यांदाच हसले.

बोट

ऑपरेशनबद्दल मला काहीच माहीत नाही, मी हजर नव्हतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या फासळ्यांमधून आत जाऊन, धडधडत्या हृदयाला छोटं भोक पाडून त्यांनी तर्जनी आत घातली आणि चाचपून झडप मोकळी केली. "दिसत काहीच नाही," ते म्हणाले. "सगळं बोटाला कळतं." तेव्हापासून त्यांनी पेन धरलं की मी त्या बोटाकडे बघत राही. माझं हृदय एवढ्या जवळून माझ्या आईनेही पाहिलं नव्हतं.

पुढे वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. जाग येते तेव्हा बाजूला नळी असते आणि खाली बाटलीत बुडबुडे येत असतात. ते तुमचेच आहेत, घाबरू नका. खोकायला सांगतील तेव्हा उशी छातीशी घट्ट धरा. दुसऱ्या दिवशी बसवतील. मी शिव्या दिल्या, सिस्टरांनी ऐकून घेतल्या. पहिला चहा दोन चमचे मिळाला. तेवढ्या चहावर मी तासभर बोलू शकतो. आणि सहाव्या दिवशी उताणा झोपलो, उशांच्या ढिगाशिवाय. शोभा स्टुलावर बसून माझा श्वास बघत होती. "आवाज येत नाही हो," ती म्हणाली. घरघर येत नाही, असं तिला म्हणायचं होतं. आवाज तर दोन दिवसांत परत आला आणि वॉर्डाची शांतता गेली.

निघताना तीन कार्डांबरोबर एक थर्मामीटर मिळाला आणि एक नवा छापील कागद. त्यावर एवढंच होतं की दोन महिन्यांत केव्हाही ताप आला, कितीही थोडा आला, तरी दुसरीकडे कुठेही न जाता इथे यावं.

चोविसावा दिवस

चोविसाव्या दिवशी मला ताप आला.

गावात तेव्हा घरोघर हिवताप होता. आमचे नेहमीचे डॉक्टर प्रेमळ माणूस. नाडी धरून म्हणाले, "साथ आहे. गोळ्या घ्या, चार दिवसांत उतरेल." मला ते अगदी पटलं. खरं सांगतो, मला परत जायचं नव्हतं. त्या कॉटचा, त्या वासाचा, त्या सुयांचा विचारही नको होता. वर छाती अजिबात दुखत नव्हती, दम लागत नव्हता. मी म्हणालो, "चार दिवस बघू."

शोभाने थर्मामीटर झटकून डबीत ठेवला. "त्या सहा घरांत हेच बोलले असतील," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

दुपारच्या गाडीने धुळ्याला पोचलो. दगा आबांनी फाटकातच मला पाहिलं आणि काही न विचारता डॉक्टरांना बोलवायला आत धावले. रक्त तपासायला गेलं. झडपेवर जंतू बसले होते. नुकतेच बसले होते. अजून आठवडाभर गोळ्या खात घरी थांबलो असतो तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोड करून सांगितलं नाही. पुढे सहा आठवडे रोज शिरेतून इंजेक्शनं चालली. हाताला जागा उरली नाही तेव्हा पाय वापरले. एकदा मी कंटाळून म्हणालो की आता पुरे, सोडा मला. डॉक्टर म्हणाले, "सातवी ओळ मला लिहायची नाही," आणि सुई त्यांनी स्वतः लावली.

त्या सहा आठवड्यांत मी त्या सहा माणसांचा फार विचार केला. त्यांना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी काही करायचं ठरवलं नव्हतं. ते फक्त आजारी पडले, मेले, आणि त्यांच्या घरच्यांनी दुःखातही आठवणीने कार्ड टाकलं. एवढ्यावर मी जगलो. देवाबद्दल माझी मतं फारशी पक्की नाहीत, पण त्या लाल पाठीच्या वहीला मी एकदा कोणी बघत नसताना हात जोडले. मीराताईंनी पाहिलंच.

नरडाण्याजवळ

बरा झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मी लोटनच्या गावी गेलो. मीराताईंनी वाट सांगितली होती. शोभा बरोबर होती. काय बोलायचं ते मी गाडीत तीनदा पाठ केलं आणि तिथे पोचल्यावर काहीच आठवलं नाही.

लोटनची आई ओट्यावर तूर पाखडत होती. मी सांगितलं की तुमच्या मुलाचं ज्यांनी केलं, त्यांनीच माझं केलं, आणि तुमच्या कार्डामुळे मी ताप येताच परत गेलो, म्हणून वाचलो.

तिने सूप खाली ठेवलं. "कार्ड पोचनं व्हतं?"

"पोचलं होतं."

"माले वाटनं, पोर्‍या मरना म्हनीसन डॉक्टरले राग उना. इतला जीव लाईसन करं त्यासनी, आनि आम्ही राखू शकनूत नही. म्हनीसन जबाब नही उना." ती माझ्याकडे बघत नव्हती. "नंतर त्या बाई उन्यात, तापनं इचारीसन गयात. मी इचारं नही, राग शे का."

मी तिला सांगितलं की राग नाही. डॉक्टरांनी लोटनची ओळ स्वतः लिहिली, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही.

आता तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोठे कापेल शे, दखाड."

मी शर्टाची बटणं सोडली. तिने व्रण पाहिला, पाठीपर्यंत जातो तो. बहुधा लोटनचाही तसाच असेल. मग तिने तुरीच्या कोंड्याने भरलेला हात माझ्या डाव्या बाजूला टेकवला आणि तसाच राहू दिला. मी श्वास धरून उभा होतो. मला श्वास धरता येतो, हे त्या वेळी लक्षात आलं.

"चालस," ती म्हणाली.

मग हात पदराला पुसून ती उठली आणि शोभाला म्हणाली, "बठा आते दोन्ही. भाकर टाकस."